टँकरचा रस्ता कोण ठरवतं?



महामार्गाच्या कडेच्या गावांत समूहाच्या बैठकीला गेलं, की बचत-कर्जाचं कामकाज आटपल्यावर हल्ली एक विषय हमखास निघतो, टँकर. कुणी म्हणतं रात्रभर भिंती हादरतात, कुणी म्हणतं पोरं त्याच्याच कडेने शाळेत जातात. आणि शेवटी सगळीकडे तोच प्रश्न येतो, "ताई, तो कॅप्सूलवाला उलटला तर आम्ही काय करायचं?"

त्याचं उत्तर पुढे देतेच. पण त्याच्या आधीचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. तो टँकर आपल्या शाळेसमोरून, भर बाजारातून जातोच का? तोच रस्ता आणि तीच वेळ कुणी ठरवली? पाऊसवाऱ्यासारखं हे आपण सोसत राहतो. पण रस्ता माणसं ठरवतात, बहुतेक वेळा माल पाठवणारी कंपनी आणि वाहतूकदार. आणि माणसांनी ठरवलेली गोष्ट बदलायला सांगता येते.

आत काय असतं, ते कसं ओळखायचं

आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात जयगडकडून येणारे गॅसचे टँकर निवळीला महामार्गाला लागतात. खेडजवळची लोटे परशुराम औद्योगिक वसाहत रसायनांच्या कारखान्यांची आहे, त्यामुळे तिकडे रसायनांचे टँकर. शिवाय पंपांना लागणारं पेट्रोल-डिझेल रोजचंच.

गॅसच्या टँकरचा अंदाज यायला आपलं स्वयंपाकघरातलं माप घेऊ. घरच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. १८ टनांचा टँकर म्हणजे साधारण साडेबाराशे सिलिंडर एकाच पिंपात, आणि ते पिंप चाकांवर. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारात, पऱ्यात, विहिरीत, सखल अंगणात जाऊन साचतो. दूरच्या चुलीची ठिणगी त्याला पुरते. म्हणून "आमचं घर रस्त्यापासून लांब आहे" हे पुरेसं नाही. घर रस्त्याच्या खालच्या अंगाला आहे का, हे बघायला हवं. आपल्या कोकणात निम्म्या वाड्या रस्त्याच्या खालीच आहेत.

टँकरमध्ये काय आहे हे गुपित नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १३४ व्या नियमाप्रमाणे अशा वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे एक पाटी लावावीच लागते. तिच्यावर मालाचं नाव, एक क्रमांक, धोक्याची चौकटीतली खूण, आणि अपघात झाल्यास कुणाला फोन करायचा ते नाव व नंबर असतो. क्रमांक चार आकडी असतो आणि जगभर एकच चालतो. १०७५ म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा गॅस, १२०३ पेट्रोल, १२०२ डिझेल, १००५ अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक ॲसिड. (पाटीवर आकडे इंग्रजी असतात, पण गॅसच्या पुस्तकावरचे आणि मोबाइलवरचे आकडे वाचणाऱ्या आपण, हेही वाचू.) खूण टोकावर उभ्या केलेल्या चौकोनात असते. ज्वाळा दिसली तर पेटणारं, कवटी म्हणजे विषारी, आणि हातावर-धातूवर थेंब पडताना दाखवले असतील तर ते जाळणारं ॲसिडसारखं काहीतरी.

पाटी नसलेला, पुसलेला किंवा ताडपत्रीने झाकलेला टँकर दिसला, तर त्या गाडीचा नंबर आणि वेळ लिहून ठेवा. पुढे तक्रारीत ही नोंद उपयोगी पडते.

जवळचा रस्ता आणि बरा रस्ता

स्पेनमध्ये ११ जुलै १९७८ ला एक टँकर २३ टनांच्या आसपास प्रोपिलीन नावाचा पेटणारा गॅस घेऊन निघाला होता. त्या भागात टोलचा मोठा रस्ता होता, आणि समुद्राकाठाने वस्तीतून जाणारा जुना रस्ता होता. टँकर जुन्या रस्त्याने गेला. लॉस अल्फाकेस नावाच्या तळावर सुट्टीला आलेली कुटुंबं तंबू टाकून राहिली होती, बरोबर त्याच्या शेजारी टँकर फुटला. दोनशेच्या वर माणसं गेली. त्यानंतर स्पेनमध्ये अशा वाहनांना वस्तीतून जायला बंधनं आली. अपघात कदाचित टोलच्या रस्त्यावरही झाला असता, पण तिथे शेजारी तंबू नसते. मार्गाचं नियोजन म्हणजे मुळात एवढंच. अपघात शून्यावर आणता येत नाही, पण तो झालाच तर शेजारी कोण असेल, हे बऱ्याच अंशी आधी ठरवता येतं.

हे कसं मोजतात ते एका उदाहरणाने सांगते. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या गावाचे नाहीत.

समजा टँकरला दोन रस्ते आहेत. बाजारातला रस्ता १२ किलोमीटरचा. त्यातल्या ४ किलोमीटरमध्ये बाजार, शाळा, दवाखाना, म्हणजे दर किलोमीटरला ५०० माणसं. उरलेल्या ८ किलोमीटरला दर किलोमीटर ५० माणसं. गुणाकार करा. चार गुणिले पाचशे दोन हजार, आठ गुणिले पन्नास चारशे. एकूण २,४००. दुसरा रस्ता बाहेरून, २० किलोमीटरचा, पण सगळीकडे दर किलोमीटरला ५० माणसं. एकूण १,०००. रस्ता ८ किलोमीटर लांब, डिझेल जास्त, तरी धोका निम्म्याहून कमी.

आता कुणीतरी म्हणेल, "ताई, बाहेरच्या रस्त्याला घाटी आहे, तिथे गाड्या पलटतात." बरोबर. मग तेही धरायचं. समजा २० पैकी ६ किलोमीटर घाटीचे आणि तिथे अपघाताची शक्यता तिप्पट. त्या सहाचे ५० गुणिले ३ असे ९००, उरलेल्या १४ चे ७००. एकूण १,६००. अजूनही बाजारातल्या रस्त्यापेक्षा कमीच. पण घाटीत अपघाताची शक्यता तिप्पट नसून सहापट असली, तर आकडा २,५०० होतो आणि बाजारातला रस्ता बरा ठरतो! म्हणून "वळण रस्ता काढा" एवढं म्हणून भागत नाही. कुठे किती गाड्या घसरल्या, ते माहीत असावं लागतं. आणि ते सगळ्यात आधी कुणाला माहीत असतं? त्या वळणावर राहणाऱ्या बाईला. पोलिसांच्या दप्तरात मोठे अपघात असतात. रात्री अडीच वाजता टँकर गटारात गेला आणि क्रेनने काढला, हे ज्यांच्या घरासमोर घडलं त्यांनाच आठवतं.

या गुणाकारात बरंच काही येत नाही. विहीर येत नाही. घाटीच्या पायथ्याला गावाची नळपाण्याची विहीर असेल आणि ॲसिडचा टँकर पऱ्यात कलंडला, तर माणूस एक न दगावताही सगळं गाव पाण्यावाचून राहील. अग्निशमनची गाडी किती वेळात पोचते तेही त्यात नाही. रस्ता निवडताना या गोष्टी वेगळ्या मांडाव्या लागतात.

पूल हाही असाच वेगळा धरायचा विषय. १३ जून २०२३ ला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर लोणावळ्याजवळ कुणे पुलावर ज्वलनशील रसायनाच्या टँकरला आग लागली. पेटतं द्रव पुलावरून खालच्या रस्त्यावर पडलं. त्या दुर्घटनेत चौघे गेले, त्यांत पुलाखालच्या रस्त्याने जाणारेही होते. आणि आपल्याकडचं तर तुम्हाला आठवतच असेल. २२ सप्टेंबर २०२२ ला लांज्याजवळ अंजणारी पुलावरून गॅसचा टँकर थेट काजळी नदीत कोसळला. चालक गेला, महामार्ग कित्येक तास बंद राहिला आणि वाहतूक आतल्या रस्त्यांनी वळवली. त्या दिवशी आतल्या गावांतून कायकाय गेलं असेल? महामार्ग बंद पडला की टँकर कुठे थांबवायचे आणि कुठून मुळीच न्यायचे नाहीत, हे आधी ठरलेलं असायला हवं. पर्यायी मार्गाचं नियोजन म्हणजे हेच.

वेळ

रस्त्याइतकीच वेळ महत्त्वाची. शाळा भरताना आणि सुटताना, आठवडा बाजाराच्या दिवशी, जत्रेला, सकाळच्या एस.टी.ला गर्दी असते तेव्हा तोच चार किलोमीटरचा बाजार पाचशेचा हजार होतो. गुणाकारात आकडा दुप्पट.

"मग रात्री सोडा" असं लगेच सुचतं. माझं मत विचाराल तर सरसकट रात्र हे उत्तर नाही. रात्री रस्त्यावर माणसं कमी, पण घरात सगळी. केरळमध्ये कण्णूरजवळ चाला इथे २७ ऑगस्ट २०१२ ला गॅसचा टँकर रात्री अकराच्या सुमारास दुभाजकाला आदळून उलटला, गॅस आजूबाजूच्या घरांपर्यंत पसरला आणि पेटला. २० जणांचा बळी गेला. त्यात रात्री चालकाला झोप येते, आणि पावसाळ्यात घाटीत धुकं असतं. बाजारपेठेसाठी रात्र बरी, दाट वस्तीच्या वाडीसाठी दुपार बरी असू शकते, जेव्हा बरीच माणसं कामाला बाहेर आणि पोरं दूरच्या शाळेत असतात. हे गावागणिक ठरेल. कलेक्टर कचेरीत बसून ते दिसत नाही.

वाराही वेळेबरोबर बदलतो. दिवसा खारे वारे समुद्राकडून डोंगराकडे, रात्री मतलई वारे उलटे. विषारी वायू गळला तर दिवसा रस्त्याच्या पूर्वेची वाडी आधी सापडेल, रात्री पश्चिमेची. डोंगरांच्या आडामुळे काही ठिकाणी हे बदलतं, पण तुमच्या अंगणातला चुलीचा धूर सकाळी आणि संध्याकाळी कुठे जातो, ते तुम्ही रोज बघता.

आपल्या टपरीचा प्रश्न

हा मुद्दा लिहू की नको असं झालं होतं, कारण तो आपल्याच ताटातला आहे. महामार्गावर समूहाच्या कर्जातून आपल्या काही बहिणींनी चहा-नाश्त्याच्या टपऱ्या टाकल्यात, जेवणाची केंद्रं चालवतात. त्यांचं बरंच गिऱ्हाईक म्हणजे ट्रक आणि टँकरचे चालक. टँकर टपरीशेजारी थांबतो, आणि पाच पावलांवर आपला गॅसचा शेगडा पेटलेला असतो, तेल तापलेलं असतं.

नियम सांगतो की धोकादायक माल भरलेली गाडी उभी करायची तर आग-स्फोटाचा धोका नसलेल्या ठिकाणी, आणि ती चालकाच्या किंवा दुसऱ्या जाणत्या माणसाच्या नजरेखाली हवी. म्हणजे टपरीला चिकटून नको आणि वाऱ्यावर सोडूनही नको. पण चालकाला तरी दोष किती द्यायचा? त्याला जेवायचं असतं, आणि टँकरसाठी धड मोकळी जागा आपल्या पट्ट्यात फार थोडी. मार्गाच्या नियोजनात थांबे येतातच. किती तासांनी, कुठे, वस्तीपासून किती दूर, तिथे पाणी आणि संडास आहे का, या सगळ्याचा विचार त्यात हवा. तेव्हा वाहनतळाची मागणी आपण लावून धरली पाहिजे, आणि त्या वाहनतळावर जेवणाचा गाळा महिला समूहाला मिळावा ही मागणी त्याच अर्जात घातली पाहिजे. तोवर टपरीवाल्या बहिणींनी एवढं करावं. टँकर लांब मोकळ्यावर लावायला सांगा आणि डबा, चहाचा थर्मास तिथे पोचवा. चालकाला गाडी सोडून यावं लागत नाही, तुमचं गिऱ्हाईक तुटत नाही. पाटीवर ज्वाळेची खूण असेल तर त्या गाडीशेजारी विडी-काडी कुणालाच नको, आपल्या घरच्या माणसांनाही.

शेजारच्या वाडीचं काय

बैठकांत मला सगळ्यात अवघड वाटतो तो हा भाग. आपल्या बाजारातून टँकर निघाला म्हणजे तो कुठेतरी दुसरीकडून जाणार. गुणाकारात दुसऱ्या रस्त्याचा आकडा १,००० आला, म्हणजे त्या रस्त्यावर माणसं राहतात! थोडी आहेत म्हणून त्यांचा जीव स्वस्त होत नाही. आणि बाहेरच्या रस्त्यावर राहणारी माणसं बहुतेक वेळा कोण असतात, हे आपल्याला माहीत आहे. धनगरवाडी, कातकरी वस्ती, सड्यावरची चार घरं. ग्रामसभेत त्यांचा आवाज आधीच बारीक.

अमेरिकेत राज्य सरकारला असा मार्ग ठरवताना लोकांना सूचना द्यावी लागते, त्यांचं म्हणणं मागवावं लागतं आणि ज्या शेजारच्या भागावर परिणाम होणार त्यांच्याशीही बोलावं लागतं, असा नियमच आहे. आपण नियमाची वाट कशाला बघायची? ज्या दोन गावांत हा प्रश्न येईल, तिथल्या ग्रामसंघांनी अर्ज देण्याआधी प्रभाग संघाच्या बैठकीत समोरासमोर बसावं. कदाचित ठरेल की गॅसचे टँकर बाहेरून जावेत, पण त्या रस्त्याचा कठडा आणि वळणावरचे आरसे आधी व्हावेत. कदाचित ठरेल की रस्ता तोच राहावा, फक्त शाळेच्या वेळा सोडून. एका गावाचा अर्ज दुसऱ्या गावाच्या अर्जाविरुद्ध गेला, की कचेरीत दोन्ही अर्ज एकाच फायलीत झोपतात.

आणि "टँकर नकोच" ही मागणी मी तरी कुठल्या अर्जात लिहून देणार नाही. आपल्या घरातलं सिलिंडर त्याच टँकरमधल्या गॅसने भरतं.

कायद्यात काय आहे

गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना बंदी येते, ती सगळ्यांना माहीत आहे. ती मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ११५ खाली काढतात. लोकांच्या सुरक्षेसाठी किंवा सोयीसाठी एखाद्या रस्त्यावर, ठरावीक वेळी, ठरावीक प्रकारच्या वाहनांना बंदी किंवा निर्बंध घालायचा अधिकार या कलमाने राज्य सरकारला आणि सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला आहे. एक महिन्याच्या वरचा निर्बंध असेल तर तो राजपत्रात छापावा लागतो. म्हणजे शाळेच्या वेळेत धोकादायक टँकर नको, हे मागणं कायद्याच्या बाहेरचं नाही. गंमत अशी, की गणपतीच्या बंदीतून दूध-भाजीबरोबर पेट्रोल, डिझेल आणि गॅसही जीवनावश्यक म्हणून वगळलेले असतात. म्हणजे वाळूचा डंपर थांबतो आणि सगळ्यात पेटणारा माल गर्दीतून चालू राहतो. गॅस लागतो हे मान्य. पण वगळताना त्याला निदान वेळ ठरवून देता येईल, एवढं तरी आपण सुचवावं.

दुसरा आधार १९९६ च्या रासायनिक अपघातांविषयीच्या नियमांचा. त्यांनुसार जिल्ह्याला आणि रसायनांच्या कारखान्यांच्या भागाला आपत्ती गट असतात. स्थानिक गटाचे अध्यक्ष प्रांताधिकारी, सदस्य सचिव कारखाना निरीक्षक. त्यात पोलीस, अग्निशमन, गटविकास अधिकारी, आरोग्य अधिकारी असतात, आणि सरपंच किंवा गावातली प्रमुख व्यक्ती, स्वयंसेवी संस्थेचा एक प्रतिनिधी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते यांच्याही जागा आहेत. सामाजिक कार्यकर्ता म्हणजे काही खादीचा झब्बा घातलेला माणूसच असतो असं नाही. दहा वर्षं समूह चालवणारी, दारूबंदीला उभी राहिलेली बाई त्यात बसते. लोट्याच्या आसपासच्या ग्रामसंघांनी या गटात सध्या कोण आहे याची यादी माहितीच्या अधिकारात मागावी. अर्जाला १० रुपये लागतात, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. यादीत बाई नसेल, तर नाव सुचवणारं पत्र प्रांतांना द्यावं.

आठ दिवसांची वही

अर्ज रिकाम्या हाताने द्यायचा नाही. दोन-तीन समूहांनी मिळून आठ दिवस पाळीने नोंद करावी. वही साधी ठेवा. तारीख, वेळ, टँकर कुठून कुठे, पाटीवरचा क्रमांक किंवा खूण, थांबला असेल तर कुठे आणि किती वेळ. एक दिवस बाजाराचा आणि एक रात्र तरी त्यात यायला हवी. नोंद घराच्या पडवीतून किंवा दुकानातून करा. पाटी लांबून मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचता येते. रस्त्यात उभं राहून गाडी अडवायची नाही, चालकाशी वाद घालायचा नाही, आणि रात्रीच्या पाळीला एकटी बसायचं नाही.

मग एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढा, गाव विकास आराखड्याच्या वेळी काढला होता तसा. रस्ता, शाळा, अंगणवाडी, दवाखाना, विहिरी, पऱ्ये, पूल, टपऱ्या. ज्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस, बाळंतीण किंवा अपंग व्यक्ती आहे, त्या घरावर वेगळी खूण करा, कारण पळायची वेळ आली तर तिथे आधी दोन माणसं जायला हवीत. गाड्या घसरतात ती वळणं लाल. आणि रस्त्यापासून दूर, उंचावर, गाव गोळा होऊ शकेल अशा दोन जागा, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला, कारण वारा कुठला असेल ते आधी सांगता येत नाही.

ही वही आणि नकाशा आधी महिला ग्रामसभेत मांडा, तिथला ठराव मोठ्या ग्रामसभेत न्या. ठरावाची प्रत लावून अर्ज जिल्हाधिकाऱ्यांना द्या. प्रती पोलीस अधीक्षक, आरटीओ, सार्वजनिक बांधकामचा राष्ट्रीय महामार्ग विभाग आणि औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं जिल्ह्याचं कार्यालय यांना. अर्जात भावना थोडी आणि नोंदी जास्त असाव्यात. "टँकरमुळे जीव मुठीत धरून जगतो" या वाक्यापेक्षा "शाळा सुटायच्या अर्ध्या तासात आठवड्यात इतके गॅसचे टँकर शाळेच्या फाटकासमोरून गेले, नोंदवही सोबत जोडली आहे" हे वाक्य साहेबाला टाळता येत नाही. प्रत्येक प्रतीवर पोच घ्या.

आणि उलटलाच तर

आता तुमचा मूळ प्रश्न. टँकर उलटला, गळतो आहे किंवा पेटला आहे असं दिसलं, तर जवळ जायचं नाही. चालकाला ओढून काढायला धावावंसं वाटतं, पण विषारी वायू असेल तर धावणारा आधी पडतो. ११२ ला फोन करा. अग्निशमन १०१, रुग्णवाहिका १०८, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७. लांबून पाटी वाचता आली तर क्रमांक सांगा. त्या चार आकड्यांवरून येणाऱ्या पथकाला कळतं की पाणी मारायचं की नाही.

चुली, शेगड्या, दिवे विझवा, विजेचं बटण चालू-बंद करू नका, मोटारसायकल चालू करू नका. वाऱ्याच्या आडव्या दिशेने चढाकडे चाला, खालच्या पऱ्यात किंवा मोरीत लपू नका. किती लांब? अमेरिका-कॅनडात आपत्ती पथकं वापरतात त्या पुस्तिकेत, गॅसचा टँकर आगीत सापडला असेल तर चहूबाजूंनी १,६०० मीटर जागा मोकळी करायला सांगितलं आहे, म्हणजे दीड किलोमीटरपेक्षा जास्त. पेट्रोलच्या पेटत्या टँकरला ८०० मीटर. मोबाइलवर चित्रं काढायला रस्त्यावर जमणारी आपली पोरं साधारण पन्नास मीटरवर उभी असतात.

सांडलेलं पेट्रोल-डिझेल भरायला बादल्या घेऊन कुणीही जायचं नाही, हे घरात आत्ताच सांगून ठेवा. पाकिस्तानात बहावलपूरजवळ अहमदपूर पूर्व इथे २५ जून २०१७ ला टँकर उलटल्यावर आजूबाजूच्या गावांतली माणसं तेल गोळा करायला जमली, आणि ते पेटलं. दोनशेहून जास्त माणसं गेली. गरीब माणसंच होती, कळशा-डबे घेऊन आलेली.

नोंदवहीचा नमुना कागद आणि अर्जाचा मसुदा पुढच्या प्रभाग संघाच्या बैठकीला मी घेऊन येते. ज्या ग्रामसंघांना पाळी लावायची आहे, त्यांनी आपल्या सीआरपी ताईंकडे नावं द्या. शाळेच्या वेळा, बाजाराचा वार आणि एस.टी.चं वेळापत्रक येताना लिहून आणा, म्हणजे वहीचं पहिलं पान तिथेच भरता येईल.